कोकिळाबाईचा पहिला हात

उखर्डू पेंटरचा उजवा हात कापतो, हे कोकिळाबाईला सगळ्यांच्या आधी कळलं. खुद्द उखर्डूच्याही आधी, असं ती म्हणते. लग्न झाल्यापासून तीस वर्षं तिने त्याला चहा बशीत ओतूनच पिताना पाहिलं होतं. एका दिवाळीनंतर त्याने बशी हळूच बाजूला सारली आणि कप दोन्ही हातांनी धरला.

"काहाले? बशी फुटली का?" तिने विचारलं.

"आता तोंड भाजत नही मले," तो म्हणाला आणि भिंतीकडे बघत चहा प्यायला. जीभ भाजल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

रावेरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी तांदळझिरी नावाचं गाव आहे. सगळीकडे केळीच केळी. त्या गावात उखर्डू हा एकटाच पेंटर. घरांच्या भिंती मात्र तो रंगवत नसे. त्याचं काम लोखंडाचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, अंगणाची फाटकं, खिडक्यांचे गज, देवळापुढची बाकं, जे जे लोखंड उघड्यावर ऊन-पाणी खात उभं असतं ते सगळं त्याचं. ट्रॉलीच्या फळीवर तो पिवळी रेघ ओढायचा ती एका दमात. पट्टी नाही, दोरा नाही. श्वास रोखून या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायचा आणि मागे रेघ उमटलेली असायची. रावेरच्या बाजारात पन्नास ट्रॉल्या उभ्या असल्या तरी 'ही उखर्डूची' असं लोक लांबून ओळखत.

कोकिळाबाईने या धंद्यातली सगळी कामं केली होती, फक्त रंग दिला नव्हता. जुना रंग खरवडणं, पॉलिश पेपरने घासणं, पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, डब्यातली साय काढून रंग फडक्यातून गाळणं, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन ठेवणं, हे सगळं तिचं. ब्रश त्याच्या हातात आणि पॉलिश पेपर हिच्या हातात, असं कोणी बसून ठरवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी तसं झालं आणि मग तीस वर्षं तसंच चाललं.

जळगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "याने जीवाला धोका नाही, बाबा. पण हा पाहुणा आता कायमचा आहे." परतीच्या बसमध्ये उखर्डू खिडकीशी बसला. सावद्याला बस थांबली, लोक चढले-उतरले, तेव्हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "कोणी काम घेऊन आलं तं सांगून देजो. उखर्डू पेंटर रिटायर झाला."

घरी आल्यावर त्याने सगळे ब्रश धुतले, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. मग ओट्यावर बसायला लागला. सकाळी ओट्यावर, दुपारी ओट्यावर. उजवा हात मांडीखाली दाबून. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर थंडीचं नाव सांगायचा. एप्रिलच्या बेचाळीस डिग्रीतही त्याने एकदा थंडीचं नाव सांगितलं, तेव्हा समोरचा माणूस हसावं की नाही या विचाराने तसाच पुढे गेला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात हेमराज आला. हेमराज गावातला केळीवाला. शेतातच नवं घर बांधलं होतं, आणि पुढच्या रविवारी पोरीचा साखरपुडा होता. घर तयार, मांडववाला ठरलेला, पण दारावरचं मोठं फाटक अजून वेल्डरने आणून टाकलं तसंच काळं-तांबडं होतं.

"भाऊ, एवढं एक करून द्या," हेमराज उखर्डूला म्हणाला. "रावेरचे पेंटर सगळे लग्नाच्या कामात. कोणी महिन्याच्या आत यायले तयार नही."

"मी सोडलं बाप्पा ते," उखर्डू म्हणाला. हात मांडीखालीच होता.

हेमराज उठला. चपला घालत होता तेवढ्यात आतून कोकिळाबाईचा आवाज आला, "मी देते रंग."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. हेमराज एकदा तिच्याकडे, एकदा उखर्डूकडे बघत राहिला.

"वहिनी, तुमी?"

"काहाले? तीस वर्षं मी काय शेंगा सोलत बसली का तिथी?"

हेमराजला रविवार डोळ्यांपुढे दिसत होता. तो म्हणाला, "या मंग उद्या." आणि गेला.

उखर्डू हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. जेवला आणि तोंडावर चादर ओढून झोपला. कोकिळाबाईने माळ्यावरून ब्रशांची गुंडाळी काढली, तेव्हा त्या चादरीखाली तो जागा आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती लवकर निघाली. मनात हिशेब सरळ होता, लवकर सुरू केलं की लवकर संपेल. साडेसातला हेमराजच्या शेतावर पोचली तेव्हा केळीच्या पानांवरून दहिवर टपटपत होतं, जणू पाऊस पडून गेलाय. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. फाटक उत्तरेकडे तोंड करून उभं, मागे घर, बाजूला केळीची बाग. ऊन तिथे यायला अजून वेळ होता. तिने फाटक दोनदा कोरड्या फडक्याने पुसलं. बोट फिरवून पाहिलं, बोट कोरडं. मग डबा उघडला. रंग थंडीने काकवीसारखा घट्ट झाला होता. तो ब्रशवरून उतरेना, म्हणून तिने तो जाडच लावला.

पण काय सांगावं, त्या दिवशी तिला जे वाटलं ते तिने पुढे कोणालाच नीट सांगितलं नाही. ब्रशचा पहिला फटका लोखंडावर बसला आणि तो काळा-तांबडा गज निळाशार झाला, तेव्हा ती नुसती त्याकडे बघत उभी राहिली. तीस वर्षं ती हे दोन हात अंतरावरून बघत आली होती. दोन हातांवरून बघणं वेगळं, आणि आपल्या मनगटातून तो रंग उतरणं वेगळं. दुपारपर्यंत रंगाचा पहिला हात झाला. जेवण न करता तिने दुसरा सुरू केला, आणि संध्याकाळी सहाला, बोटं आखडलेली असताना, शेवटचं टोक संपवलं. हेमराजची बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आक्का, काय झ्याक दिसू राह्यलं!" कोकिळाबाई घरी आली ती जवळजवळ पळतच.

सकाळी ती पुन्हा गेली, उरलेल्या कडी-कोयंड्यासाठी. लांबूनच तिला काहीतरी खटकलं. जवळ गेली, आणि पाय जागीच थांबले.

निळा रंग राहिलाच नव्हता. आरशावर कोणी श्वास सोडावा तसं अख्खं फाटक पांढुरकं, मरगळलेलं झालं होतं. खालच्या पट्टीवर, जिथे रंग जाड बसला होता, तिथे दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. दोन ठिकाणी बोट लावलं तर रंग पापुद्र्यासारखा हातात आला आणि आत लोखंड ओलं. आणि वरून बारीक काळे ठिपके. थंडीचा कडाका वाढला होता म्हणून पहाटे सगळ्यांनी केळी वाचवायला बांधाबांधावर पालापाचोळा पेटवून धूर केला होता. ती सगळी काजळी येऊन ओल्या रंगावर बसली होती.

हेमराज बाजूला उभा होता. माणूस भला, ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "वहिनी, पाव्हणे रविवारी येतील." ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"करून देते," ती म्हणाली. त्या दिवशी दुकानात पॉलिश पेपर संपलेले, ते रावेरहून आणावे लागले, त्यात दिवस गेला. घरी तिने काही सांगितलं नाही. भाकरी थापताना तिचे डोळे भरून आले, तर धुराचं निमित्त केलं. घरात गॅस होता. उखर्डूने मान वर करून एकदा पाहिलं आणि जेवायला लागला.

तिसऱ्या दिवशी ती नऊला शेतावर पोचली, तर फाटकाजवळ कोणीतरी खरखर आवाज करत होतं. मफलर गुंडाळून, गुडघ्यावर बसून, उखर्डू तिचा बिघडलेला रंग खरवडत होता. दोन किलोमीटर चालत आला होता, तिच्याही आधी.

ती शेजारी बसली. त्याच्या हातातला पॉलिश पेपर आपोआप भरभर हलत होता. त्याने तिच्याकडे न बघता हात पुढे केला.

"पाह्य, घासायले असाच हात पाह्यजे. मले काही करावं नही लागत. नुसता टेकवला की चालू."

कोकिळाबाई हसली. मग हसता हसता रडली. तो घासत राहिला. तिचं रडणं थांबेपर्यंत त्याने एक गज चकचकीत केला, आणि मग म्हणाला, "हात लाव इथी. पंजा नही, हाताची मागची बाजू."

तिने बोटांची मागची बाजू लोखंडाला लावली आणि झटकन काढली. हवेत तितकी थंडी नव्हती जितकी त्या गजात होती.

"लोखंड रातभर थंडी पिऊन बसते. आपल्याले ऊन लागते तवा त्याले नही लागत. तू पुसते, कोरडं वाटते, पण पुन्हा तिथीच ओल धरते. डोळ्याले दिसत नही." त्याने गजावर तोंडाने वाफ सोडली. लोखंडावर धुकं बसलं आणि तसंच बसून राहिलं. "हे लवकर उडालं तं समज लोखंड तयार झालं. उडत नही तवरिक डब्याचं झाकण काढायचं नही."

"हे तुमी मले तीस वर्षांत कधी सांगितलं नही."

उखर्डूने पेपरवरचा भुगा झटकला. "तू कधी विचारलं नही," म्हणाला. मग त्यालाच ते पटलं नसावं. "मलेबी वाटलं नही, सांगावं."

त्या दिवशी त्यांनी रंग दिलाच नाही. फाटक स्वच्छ घासलं. हेमराजच्या चार गड्यांना हाक मारून उखर्डूने दोन्ही पल्ले बिजागरीतून उचलून काढले आणि उन्हाच्या बाजूला, खळ्यावर, विटांवर आडवे टाकले. पुढचे तीन दिवस कामाची वेळ अकरा ते तीन. अकराच्या आधी हेमराजने कितीही चुळबूळ केली तरी उखर्डू विटांवर बसून बिडी ओढायचा आणि कोकिळाबाई दर थोड्या वेळाने गजावर वाफ सोडून बघायची. रंगाचा डबा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून पातळ करायचा, चुलीजवळ मात्र न्यायचा नाही. हात पातळ द्यायचा, एका दिवशी एकच. तीन वाजले की ब्रश खाली, मग दोन गज राहिले असले तरी राहू देत. पाचला पुन्हा दहिवर धरतं, त्याच्या आत रंग सुकायला हवा. तोवर गडी पल्ले उचलून शेडमध्ये ठेवायचे, पहाटेच्या धुरापासून लांब.

ब्रश कोकिळाबाईच्याच हातात होता. उखर्डू शेजारी उभा राहून "हं" किंवा "अंहं" एवढंच करायचा. फक्त शेवटच्या दिवशी, मधल्या पट्टीवर पिवळी रेघ ओढायची वेळ आली, तेव्हा तो अचानक खळ्याच्या पलीकडे केळीचे घड बघायला निघून गेला. तिने रेघ ओढली. श्वास रोखून ओढली, तरी मध्ये एका जागी थोडी वाकली. तो परत आला, रेघेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"तिथी तुले शिंक आली व्हती का?"

"नही. भेव वाटलं."

"मले पहिल्या वर्षी रोज वाटे," तो म्हणाला.

रविवारी साखरपुडा झाला. पाव्हण्यांतल्या एका म्हाताऱ्याने फाटकावरून हात फिरवत विचारलं, "काम कोणाचं?" हेमराज सवयीने म्हणाला, "आमच्या उखर्डूभाऊचं." उखर्डू पंगतीत बसला होता, तिथून मोठ्याने म्हणाला, "नही नही. त्या तिथी बसल्या ना, हिरव्या लुगड्यात, त्यायचं." बायकांच्या पंगतीत शे-दीडशे डोळे फिरले. कोकिळाबाईने खाली मान घालून वरणबट्टी कुस्करायला सुरुवात केली, ती बराच वेळ कुस्करतच राहिली.

यानंतर काम यायला लागलं. जानेवारीत शाळेचं आलं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका चारुलता मॅडम. बाई कडक, पण शाळेवर जीव. कुठून कुठून मागून त्यांनी शाळेच्या मैदानात एक घसरगुंडी, दोन झोके आणि एक सी-सॉ मिळवला होता. सगळं जुनं, गंजलेलं. सव्वीस जानेवारीला पंचायत समितीचे पाहुणे येणार, त्या दिवशी खेळण्यांचं उद्घाटन करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पत्रिकेतही छापलं होतं.

कोकिळाबाईने वीस तारखेपासून घासायला घेतलं. दोन दिवसांत सगळा गंज उतरवला. आणि बावीसला आभाळ भरून आलं. उन्हाचा पत्ता नाही. दिवसभर बोचरा वारा, मध्येच पावसाचा शिडकावा, आणि सकाळी दहापर्यंत समोरचं पिंपळाचं झाड दिसू नये इतकं धुकं. नेमकं त्याच दिवसांत उखर्डू जळगावला गेलेला. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं, आणि बोदवडला दिलेली त्यांची लेक मयुरी त्याला घेऊन गेली होती. तपासून झाल्यावर ती त्याला आठ दिवस स्वतःकडेच ठेवून घेणार होती. विचारायला कोणी नव्हतं.

तेवीसला मॅडम मैदानात आल्या. "कोकिळाबाई, रंग कधी?"

"लोखंड ओलं हाये मॅडम."

"पुसून घ्या ना. मी मुलांना फडकी घेऊन बसवते."

"पुसून जात नही ते."

हेमराजच्या कानावर गेलं तसा तो मोटरसायकलवरून आला. त्याने नुकतंच केळी पिकवायचं चेंबर बांधलं होतं. "वहिनी, झोक्याच्या फळ्या, साखळ्या, सी-सॉ, सगळं सोडवून माह्या चेंबरमध्ये आणा. आत कसं उबदार राह्यते. एक कोपरा रिकामा करून देतो."

कोकिळाबाईला ते पटलं. ती त्याच्यामागे बसून बघायला गेली. चेंबरचा दरवाजा उघडून आत पाय टाकला, खरंच ऊब होती. दुसऱ्याच क्षणी तिला दिसेनासं झालं. चष्म्याच्या दोन्ही काचा धुक्याने भरल्या होत्या. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. पुन्हा तेच.

"नही जमणार," ती बाहेर येऊन म्हणाली. "इथी माह्या चष्म्याले घाम सुटला, मंग लोखंडाले नही सुटणार?"

हेमराज डोकं खाजवत म्हणाला, "हे माह्या ध्यानातच नही आलं."

चोवीसला मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पत्रिकांचा गठ्ठा होता. "हे बघा, मला एक दिवस चमकलं तरी पुरे. पुढचं पुढे बघू. तुम्ही नुसता एक हात मारून द्या."

कोकिळाबाई उभीच होती. आयुष्यात ती ऑफिसातल्या टेबलापुढे कोणाला नाही म्हणाली नव्हती. तिला वाटलं, मारून द्यावा एक हात. बाई शिकलेली, पत्रिका छापलेल्या, आपण कोण. मग हेमराजचं ते पांढरं पडलेलं फाटक आठवलं, आणि बोटाला चिकटून आलेला पापुद्रा.

"मॅडम, पोरं घसरतील ना त्याच्यावरून," ती म्हणाली. "रंग पोरांच्या चड्ड्यांले लागून येईल. खाली गंज तसाच राह्यला तं वरून दिसणार नही आन् आतून खाईल. साखळी तुटायची. मी नही देत."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि पत्रिकेवरच्या उद्घाटनाच्या ओळीवर पेनाने काट मारायला लागल्या. एक, दोन, तीन. कोकिळाबाईला तिथून बाहेर कसं पडावं ते कळेना. शेवटी तिने समोरची खुर्ची ओढली, टेबलावरचं दुसरं पेन घेतलं, आणि उरलेल्या पत्रिकांवर तीही काट मारायला लागली. दोघींनी मिळून दीडशे पत्रिका संपवल्या. मधे मॅडमनी शिपायाला दोन चहा सांगितले.

सव्वीसला झेंडावंदन झालं. घसरगुंडी उघडी-वाघडी, घासलेल्या पत्र्याची, भोवती दोरी बांधलेली. पाहुण्यांनी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "आमच्या पेंटरबाईंनी अजून परवानगी दिली नाही." पोरांना ते वाक्य फार आवडलं. त्या दिवसापासून दर सुट्टीत पोरं दोरीखालून वाकून जायची, घसरगुंडीला बोटांची मागची बाजू लावायची, तिच्यावर हा-हा करून वाफ सोडायची आणि कोकिळाबाईच्या घरी धावत येऊन वर्दी द्यायची, "मावशी, अजून ओलं!"

तीस तारखेला आभाळ मोकळं झालं. लख्ख ऊन पडलं. उखर्डू नेमका त्याच सकाळी बोदवडहून परत आला आणि स्टँडवरून थेट शाळेत गेला. त्याला वाटलं होतं, काम संपलेलं असेल. बघतो तर सगळं तसंच कोरं, आणि कोकिळाबाई पुन्हा पॉलिश पेपर घेऊन नवा गंज काढतेय.

"सव्वीस तारीख व्हती ना?"

"ओल व्हती. नही म्हणून सांगितलं मॅडमले."

उखर्डूने पिशवी खाली ठेवली. दोरीपाशी टेकला. "तोंडावर सांगितलं?"

"तोंडावर."

"मी असतो तं देऊन टाकला असता," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. "कितीकदा दिला. मोठ्या माणसाले नही म्हणता नही आलं मले कधी. पावसात दिला, दहिवरात दिला. दोन वर्षांत गंज वर यायचा, मंग म्हणायचो, लोखंडच हलकं हाये." तो हसला, पण त्याला वाईट वाटत होतं हे तिला दिसलं. "तू माह्यापेक्षा बरी पेंटर व्हशील, कोकिळे."

तो असं कधी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने त्याच्या हातात एक पॉलिश पेपर ठेवला.

"मंग टेकवा हात. ती शिडी राह्यली."

पुढचे चार दिवस ऊन टिकलं. पहिला हात तांबड्या प्रायमरचा, मग पिवळ्याचे दोन आणि कठड्याला लाल. अकरा वाजता सुरू, तीन वाजता बंद. उखर्डू उलट्या बादलीवर बसून राखण करायचा, कोणी पोरगं ओल्या रंगाला हात लावू नये म्हणून. मांडीखाली हात दाबून बसणं त्याला आता जमेना, कारण बादली लहान होती. हात उघडा, गुडघ्यावर, आपला थरथरत असायचा.

दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या एका पोरीने व्हरांड्यातून त्याला बघितलं. तो हात हलतोय, म्हणजे म्हातारा आपल्याला टाटा करतोय, असं तिला वाटलं. तिनेही टाटा केला. मग तिच्या मैत्रिणीने. मग अख्खी पहिलीची ओळ व्हरांड्याच्या कठड्याला लागून हात हलवायला लागली.

शिडीवर उभी असलेली कोकिळाबाई घाबरली. वाटलं, आता हा उठून निघून जाईल, पुन्हा ओट्यावर बसेल. उखर्डूने एकदा आपल्या हाताकडे पाहिलं, एकदा पोरांकडे. चेहरा लाल झाला. मग त्याने तो हात गुडघ्यावरून उचलला, चांगला डोक्याच्या वर नेला, आणि पोरांना जोरजोरात टाटा केला. पोरं किंचाळली. मॅडम वर्गातून बाहेर आल्या.

"तिथी काय बघते?" तो वर बघून ओरडला. "थेंब ओघळू राह्यला, पाह्य! पुसून घे तो."